डावीकडचंच आधी का जातं?

प्रश्न : मी देवरुखजवळच्या एका शाळेत शिकवते. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर गाडी चालवते, बहुतेक एकटीच. गाडी पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक आहे, पाच वर्षांची. गेल्या वर्षभरात डाव्या बाजूच्या लोअर आर्मचं बुश दोनदा बदललं. आता पुढचा डावा टायर आतल्या कडेने इतका झिजलाय की तो बदलावाच लागेल. उजवा अजून चांगला आहे. त्यातच परवा सर्व्हिसिंगला कळलं की डाव्या चाकाचे ब्रेक पॅड संपलेत आणि उजवे निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. मिस्टर म्हणतात, तू गाडी डावीकडे खड्ड्यात घालतेस. मेकॅनिक म्हणतो, मॅडम, सगळ्यांचंच डावं आधी जातं. न्यू जर्सीला असलेला माझा भाऊ म्हणतो, त्याच्याकडे उजवं आधी जातं. खरं कोणाचं? आणि डावीकडचं बदलताना उजवीकडचंही बदलायचं का?

उत्तर : ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुमच्या भावाचं आहे. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, आपल्याकडे डाव्या. म्हणजे जे चाक रस्त्याच्या कडेला असतं ते आधी थकतं. तुमच्या हातातच दोष असता तर तिकडे भावालाही नेमका कडेच्याच चाकाचा त्रास कसा झाला असता? मिस्टरांचा आरोप निम्मा इथेच निकालात निघतो. उरलेल्या निम्म्याकडे येऊच.

मेकॅनिकही खोटं बोलत नाही. माझी हरकत एवढीच की तुमच्या तक्रारी तीन आहेत आणि त्याने तिन्ही एकाच गोणीत भरल्या. बुश, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याच्या (लोअर आर्मच्या) सांध्यातलं रबर, जाण्यात रस्त्याचा हात मोठा असतो. टायर एका कडेने झिजण्यात कमी. आणि डावे पॅड संपून उजवे निम्म्याहून जास्त उरले असतील, तर त्यात रस्त्याचा हात जवळजवळ नाहीच. तो गाडीतला बिघाड आहे आणि तो सगळ्यात आधी बघायला हवा. "डावं आधी जातं" हे कारण इतकं सोयीचं आहे की त्याच्या आड खरा बिघाड वर्षभर खुशाल लपून राहतो.

आधी रस्त्याचं बघू. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मधे उंच आणि कडांकडे उतरता ठेवतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत हा उतार साधारण १.७ ते २.५ टक्के धरलेला आहे, पाऊस जास्त तिथे वरचा आकडा. तुमच्या भागात अडीच धरा, म्हणजे दहा फुटांत तीन इंच. डोळ्यांना जाणवत नाही, पण हजार किलोची गाडी या उतारावर सतत पंचवीसेक किलोच्या जोराने डावीकडे ओढली जाते. तो ओढा थोपवायला आपण नकळत स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवतो.

यावरून बरेच जण सांगतात की उतारामुळे डाव्या चाकांवर वजन जास्त पडतं म्हणून ती झिजतात. हे गणित करून बघितलं की टिकत नाही. अडीच टक्के उताराने छोट्या गाडीचं उजव्या चाकांवरचं जेमतेम नऊ-दहा किलो वजन डावीकडे सरकतं. उलट ड्रायव्हर बसतो उजवीकडे. साठ किलोचा माणूस एकटा बसला तर त्यातले पंचेचाळीसेक किलो उजव्या चाकांवर आणि पंधराच डाव्यांवर पडतात. म्हणजे तुम्ही एकट्या शाळेत जाता तेव्हा उतार धरूनही वजन उजवीकडेच किंचित जास्त असतं. तरीही डावीकडचं जातं, कारण भार वजनाचा नाही, माराचा आहे.

हा मार कसा बसतो ते तुमच्याच रस्त्यावर बघा. समोरून एसटी आली. रस्ता दीड गाडीचा. तुम्ही डावी चाकं साईडपट्टीवर उतरवता. डांबराच्या कडेखालची माती पावसाने वाहून गेलेली असते, त्यामुळे डांबर आणि साईडपट्टी यांच्यात चार बोटांची, कुठे वीतभर पायरी तयार झालेली असते. चाक खाली आपटतं. एसटी गेली की तुम्ही गाडी परत वर घेता, आणि ती पायरी चाक तिरकं चढतं. या चढण्यात चाकाला वरून नाही, पुढून आणि बाजूने धक्का बसतो. तो धक्का सोसायला जे रबर बसवलेलं असतं तेच लोअर आर्मचं मागचं बुश. उजवं चाक या सगळ्या वेळात गुळगुळीत डांबरावर असतं.

शिवाय पाणी कडेला साचतं, त्यामुळे खड्डे कडेने जास्त पडतात. मोऱ्यांची खचलेली तोंडं कडेला, खडी-वाळू, खिळे, तुटक्या पत्र्याचे तुकडे, सगळं वाऱ्या-पाण्याने कडेला ढकललं जातं. डाव्या टायरला पंक्चर जास्त होतात ती यामुळे. चौपदरी महामार्गावरही हाच न्याय आहे, दोन्ही बाजूंचे रस्ते साधारण आपापल्या बाहेरच्या कडेकडे उतरते असतात.

आता मिस्टरांच्या आरोपाचा उरलेला निम्मा भाग. गाडी खड्ड्यात घालण्यापेक्षा खड्ड्यात असताना पाय कुठे आहे याने जास्त फरक पडतो. खड्डा दिसला की आपण ब्रेक मारतो, आणि चाक खड्ड्यात पडेपर्यंत पाय काढत नाही. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकलेलं असतं, शॉकअप आधीच दबलेला असतो आणि चाक मागे रेटलं गेलेलं असतं. त्यात खड्ड्याच्या पलीकडच्या कडेचा धक्का. सगळा जोर त्या एका बुशवर आणि रिमवर. ब्रेक खड्ड्याच्या अलीकडे मारायचा आणि चाक आत जायच्या आधी सोडायचा. सवयीला आठवडाभर लागतो, आणि बुशचं आयुष्य त्याने खरंच वाढतं.

आणि मिस्टर स्वतः गाडी चालवताना गतिरोधकावर काय करतात ते जरा बघा. गतिरोधक रस्त्याच्या कडेपर्यंत पोहोचलेला नसतो, म्हणून पुष्कळ जण डावी चाकं त्या फटीतून काढतात. निम्मी गाडी वर, निम्मी खाली, आणि आपण गतिरोधक चुकवला असं समाधान. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा बार असतो, त्याला दोन्ही टोकांना लिंक रॉड जोडलेले असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो बार नुसता फिरतो, लिंक रॉडवर जवळजवळ ताण येत नाही. एकच चाक वर गेलं की तो पिळला जातो आणि दोन्ही लिंक रॉड ओढले जातात. म्हणजे अर्धा गतिरोधक घेणं हा लिंक रॉड घालवायचा खात्रीचा मार्ग आहे. सावकाश, सरळ, दोन्ही चाकं एकदम, हेच बरं.

आता बुश दोनदा का गेलं? पहिल्यांदा गेलं ते रस्त्याने, हे मी मान्य करतो. वर्षाच्या आत दुसऱ्यांदा जाण्यात मात्र मला गॅरेजवर संशय आहे. हे बुश म्हणजे लोखंडाच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेलं रबर. गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर असते तेव्हा चाक लोंबत असतं, आर्म खाली झुकलेला असतो. त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला तर आतली नळी तिथेच पकडली जाते. मग गाडी खाली आली, आर्म वर गेला, की रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी अंगणात उभी असतानाही. असं बुश काही महिन्यांत फाटतं आणि दोष रस्त्याला जातो. बरोबर रीत अशी की बोल्ट आधी नुसता बसवायचा, गाडी चाकांवर उभी करायची, एक-दोनदा दाबून हलवायची आणि मगच शेवटचं आवळायचं. त्यासाठी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर गाडी घ्यावी लागते, म्हणून घाईत हे टाळलं जातं. पुढच्या वेळी समोर उभ्या राहून हे करून घ्या. आणि बुश लोकल घातलंय की कंपनीचं, हेही विचारा. नुसतं बुश दाबून बसवण्यापेक्षा काही गाड्यांत पूर्ण आर्म घेणं परवडतं, कारण त्याबरोबर बॉल जॉईंटही (आर्म चाकाला जोडणारा सांधा) नवा येतो.

टायरकडे येऊ. टायर आतल्या कडेने झिजलाय असं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण झीज कुठे आहे त्यावरून बरंच कळतं. हवा कमी राहिली तर दोन्ही कडा जातात, जास्त राहिली तर मधला पट्टा. नुसतं अलाइनमेंट बिघडलं, म्हणजे पुढची चाकं एकमेकांच्या तुलनेत आत किंवा बाहेर वळलेली राहिली, तर झीज साधारण दोन्ही पुढच्या टायरांवर दिसते, कारण चालती गाडी तो फरक दोन्ही चाकांत वाटून घेते आणि स्टिअरिंग थोडं वाकडं राहतं. तुमचा एकच टायर एकाच कडेने गेलाय. तेव्हा त्या एका चाकापुरतं काहीतरी बिघडलेलं आहे: चाक वरून आत कललेलं आहे, किंवा ढिल्या बुशमुळे ब्रेक मारला की ते जागेवरून सरकतं. बहुधा दोन्ही.

एक तपासणी घरी होते. सपाट फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर गाडी उभी करा, आत कुणी नको. टेपने चाकाच्या मधोमधपासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर मोजा, पुढे डावीकडे आणि उजवीकडे. दोन-चार मिलिमीटरचा फरक सोडून द्या. डावीकडचं अंतर बोटभर कमी आलं तर डावी स्प्रिंग बसली आहे किंवा तिचा सगळ्यात खालचा वेढा तुटला आहे. खालचा वेढा वाटीत बसलेला असतो, तुटला तरी वरून दिसत नाही. चिखल पुसून बॅटरीच्या उजेडात बघावं लागतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर हे होतं, आणि गाडी चालत राहते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

अलाइनमेंटला गेलात की "करून दिलं" एवढ्यावर निघू नका, कागद मागा. त्यावर डाव्या-उजव्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाक वरून आत-बाहेर किती कललंय तो कोन, वेगवेगळा छापलेला असतो. दोन्हींत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर डावीकडे काहीतरी वाकलेलं आहे, आर्म, शॉकअप किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग). छोट्या गाड्यांत कॅम्बर बहुधा सेट करता येत नाही, मशीनवाला फक्त टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) सेट करून देतो. तो "कॅम्बर होत नाही मॅडम" म्हणेल ते खरंच आहे. पण त्याचा अर्थ तो आहे तसा चालवून घ्यायचा असा होत नाही; वाकलेला भाग शोधून बदलायचा असा होतो.

मध्यंतरी टायर पुढे-मागे फिरवून घेतले असतील, तर आधीची झीज मागच्या चाकावर गेलेली असू शकते. म्हणून फिरवण्याआधी चारही टायर हाताने चाचपून बघावेत, आतल्या कडेपर्यंत. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्याची आतली कड बाहेर दिसते. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते आणि खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांवरून ती ओळखता येते, पण हे उंचवटे बहुतेक जण बाहेरच्या बाजूलाच बघतात. तुमच्या टायरच्या आतल्या कडेला तारा दिसत असतील तर तो आजच काढा.

शहरातल्या वाचकांसाठी जाता जाता: तिथे डावा टायर बाहेरच्या खांद्यानेही झिजतो. आपल्याकडे यू-टर्न उजवीकडे घेतात आणि चौकातल्या सर्कलला उजव्या हाताला ठेवून फिरतात. दोन्ही वेळी बाहेरचं चाक डावं असतं आणि गाडीचा भार त्याच्यावर लोटतो. तुमच्या रस्त्यावर सर्कल कुठलं!

आता पॅड. इथे मी सगळ्यात जास्त आग्रह धरणार आहे. ब्रेकवर पाय दिला की ब्रेक ऑईलचा दाब पुढच्या दोन्ही कॅलिपरना (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडींना) सारखाच पोहोचतो. रस्ता डावीकडे कितीही उतरता असो, दाबाला त्याचं काही नसतं. कडेच्या चिखला-वाळूने डावा पॅड थोडा जास्त घासला जाईल, पण एक संपावा आणि दुसरा निम्म्याहून जास्त उरावा इतका नाही.

जुने पॅड टाकून देऊ नका. दोन्ही चाकांचे चारही पॅड बाकावर शेजारी मांडायला सांगा, आतला आणि बाहेरचा कुठला त्याची खूण करून. नवा पॅड दहा-बारा मिलिमीटर जाड असतो, तीनवर आला की बदलायचा. डावीकडचा आतला पॅड लोखंडाला टेकलाय आणि बाहेरच्यात अजून माल आहे, असं दिसलं तर कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या अडकल्या आहेत. पिनांवरचं रबर फाटतं, कडेच्या डबक्याचं पाणी आणि तांबडी माती आत जाते, गंज धरतो. (रस्त्याचा हात असला तर एवढाच.) डावीकडचे दोन्ही पॅड सारखेच पातळ असतील तर ब्रेक सोडल्यावर पॅड ढकलणारा पिस्टन मागे जात नाही, किंवा ऑईलच्या नळीचा रबरी होज आतून सुजून दाब अडवून धरतोय. तिरका, पाचरीसारखा झिजलेला असेल तर कॅलिपर वाकडा बसतोय.

आणि एक शक्यता जी हमखास विसरली जाते: दोष उजवीकडे असू शकतो. उजवा पिस्टन गंजून बसला असेल तर उजवा ब्रेक जेमतेम लागतो, पॅड नवेच्या नवे दिसतात आणि सगळं काम डावा एकटा करतो. लोक संपलेला पॅड बदलतात आणि न संपलेल्याचं कौतुक करतात.

यातलं कुठलं ते ओळखायला शक्यतो ब्रेक न वापरता सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर गाडी चालवा आणि थांबल्यावर रिमजवळ हात नेऊन बघा. डिस्कला हात लावू नका, भाजेल. डावं चाक तापलेलं आणि उजवं साधं असेल तर डावा ब्रेक सुटत नाहीये. दोन्ही साधी, पण सपाट रस्त्यावरच ब्रेक मारत चालवल्यावर डावं तापलेलं आणि उजवं थंड असेल, तर उजवा लागत नाहीये. डावा सुटत नसेल तर गॅरेजमध्ये ते चाक जॅकवर घेऊन ब्रेक दाबून सोडायला लावा आणि चाक हाताने फिरवा. अडकलं तर मेकॅनिकला कॅलिपरचं ब्लीडिंग निपल (ऑईल बाहेर काढायचं छोटं तोंड) क्षणभर उघडायला सांगा. ऑईलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब आत कोंडला होता, होज बदला. तरीही अडकलेलंच राहिलं तर पिस्टन नाहीतर पिना. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावू द्या. डब्यातल्या साध्या ग्रीसने त्यांचं रबर फुगतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

अडकणारा ब्रेक गाडीला डावीकडे ओढतो, रस्त्याचा उतारही डावीकडेच ओढतो, त्यामुळे तुम्हाला तो वेगळा जाणवला नसेल. हे काम होईपर्यंत आंबा घाटाकडे किंवा इतर कुठल्या लांब उतारावर गाडी नेऊ नका.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ब्रेक, मग स्प्रिंग आणि बुशची तपासणी, मग टायर, आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. आधी अलाइनमेंट करून नंतर बुश बदललंत तर ते पैसे पाण्यात.

राहिला जोडीचा प्रश्न. ब्रेक पॅड, शॉकअप आणि स्प्रिंग नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे, नाहीतर ब्रेक मारताना किंवा वळताना गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हांनी वागते. लिंक रॉडही जोडीनेच घ्या, दोघांनाही सारखाच ताण पडलेला असतो. लोअर आर्मचं बुश, बॉल जॉईंट, टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा), चाकाचं बेअरिंग ही कामं एका बाजूची चालतात. उजवं चांगलं असेल तर "मॅडम, हेही करून टाकू" याला नाही म्हणा. टायर मात्र एकाच आसावर एक नवा आणि एक निम्मा झिजलेला ठेवू नका. दोन नवे घ्या, ते मागे लावा, मागचे दोन्ही पुढे आणा (त्यांच्या आतल्या कडा बघूनच), आणि उजवीकडचा चांगला टायर स्टेपनीला ठेवा. सध्याच्या स्टेपनीवर चार आकड्यांचा तारखेचा ठसा असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तोही बघून घ्या. गाडीबरोबर आलेली स्टेपनी कधी वापरली नसली तरी पाच वर्षांत रबर कडक झालेलं असतं.